‘मुंबई मेरी जान’ : स्फोटानंतरच्या आठवड्याची नोंद

मोठ्या आपत्तीनंतरची वर्तमानपत्रे नीट वाचणाऱ्याच्या एक गोष्ट लक्षात आलेली असते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्या पानांवर तीच एक बातमी असते. चौथ्या-पाचव्या दिवशी खेळाचे पान पूर्ववत होते, चित्रपटांच्या जाहिराती परततात आणि आतल्या पानावर कोठेतरी एका चौकटीत एखादी चमत्कारिक बातमी दिसते. अमक्या इमारतीत बाँब असल्याचा खोटा दूरध्वनी आला. तमक्या स्थानकावर बेवारस पिशवी सापडली, धावपळ झाली आणि पिशवीत निघाला जेवणाचा डबा. वाचक क्षणभर हसतो आणि पान उलटतो. तो दूरध्वनी करणारा कोण होता, त्याला ही दुर्बुद्धी का झाली, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

निशिकांत कामत यांच्या ‘मुंबई मेरी जान’ या हिंदी चित्रपटाने ते विचारले. २२ ऑगस्ट २००८ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट आज पुन्हा पाहावा असा आहे, एवढेच नव्हे, तर जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालानंतर त्याचे मोल अधिक स्पष्ट झाले आहे, असे माझे मत आहे. ते सकारण मांडण्याचा या टिपणात प्रयत्न आहे.

चित्रपटाची पार्श्वभूमी वाचकांना स्मरत असेलच. मंगळवार, ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास, अवघ्या अकरा मिनिटांत, पश्चिम रेल्वेच्या सात उपनगरी गाड्यांत पहिल्या वर्गाच्या डब्यांमध्ये स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड अशी ती रांग होती. १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि आठशेहून अधिक जखमी झाली. आपणा बडोदेकरांना ही केवळ नकाशावरची नावे नाहीत. आपल्या गावाचे नाव अंगावर मिरवणाऱ्या ‘बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया’ रेल्वेनेच १८६७ साली विरारहून मुंबईस जाणारी पहिली उपनगरी गाडी सुरू केली. १९५१ साली तिचीच पश्चिम रेल्वे झाली. रात्री बडोद्यास गाडीत बसावे आणि पहाटे खिडकीतून हीच स्थानके एकामागून एक मागे पडताना पाहावीत, हा आपल्या तीन-चार पिढ्यांचा परिपाठ आहे. इथल्या कित्येक मराठी घरांतली मुले नोकरीसाठी ज्या बोरिवली-अंधेरीच्या पट्ट्यात जाऊन स्थिरावली, त्यांची रोजची ये-जा याच गाड्यांतून होत असे. त्या संध्याकाळी मुंबईचे दूरध्वनी लागेनात, तेव्हा बडोद्यातही अनेक घरांत रात्र जागून काढली गेली.

कामत यांनी यापूर्वी २००५ साली ‘डोंबिवली फास्ट’ हा मराठी चित्रपट केला होता आणि त्यास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला होता. ‘मुंबई मेरी जान’ ची पटकथा योगेश विनायक जोशी आणि उपेंद्र सिधये यांची असून तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. रचना साधी आहे. स्फोटापासून शहराने पाळलेल्या दोन मिनिटांच्या मौनापर्यंतचे दिवस, आणि त्या दिवसांतली पाच माणसे. निखिल हा मोठ्या कंपनीत नोकरी करणारा, मोटार परवडत असूनही हट्टाने रेल्वेने जाणारा तरुण. रूपाली जोशी ही दूरचित्रवाणीवरील वार्ताहर. सुरेश हा संगणक विकण्याच्या धंद्यात धडपडणारा, डोक्यावर कर्ज असलेला गृहस्थ. तुकाराम पाटील हा निवृत्तीला आठवडा उरलेला पोलीस शिपाई. आणि थॉमस, रात्री सायकलवर कॉफी विकणारा दाक्षिणात्य.

आपत्तीवरच्या कलाकृतीपुढे सामान्यतः तीन प्रश्न असतात : हे कोणी केले, कसे केले, आणि त्यानंतर आपले काय झाले. ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटाने १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या बाबतीत पहिले दोन प्रश्न घेतले व ते अभ्यासपूर्वक हाताळले. परंतु अशा कृतीचे भवितव्य न्यायालयाशी बांधलेले राहते. खटल्याचा निकाल होईतो त्या चित्रपटाचे प्रदर्शन उच्च न्यायालयाने रोखले होते. तो प्रेक्षकांपुढे यायला फेब्रुवारी २००७ उजाडले. कामत यांनी केवळ तिसरा प्रश्न निवडला. बाँब ठेवणारे हात, कट, गुप्त बैठका, तपास यांपैकी काहीही या चित्रपटात नाही. गुन्हेगाराविषयी एक अक्षरही न बोलता स्फोटावर सव्वादोन तासांच्या आसपासचा चित्रपट करणे ही व्यावसायिक हिंदी चित्रसृष्टीत साधी गोष्ट नव्हे.

आता त्या चौकटीतल्या बातमीकडे येऊ. थॉमस बायको-मुलीला घेऊन एका झगमगीत मॉलमध्ये जातो. महागडी अत्तरे अंगावर उडवून पाहतो, आणि त्याच्या कपड्यांकडे पाहून त्याला मुलीदेखत अपमान करून बाहेर काढले जाते. पुढे त्याच्या लक्षात येते, की एका दूरध्वनीने असा अख्खा मॉल रिकामा होतो. ज्या लोकांनी आपल्याला हाकलले तेच लोक जीव मुठीत धरून बाहेर पळतात. तो खोटे दूरध्वनी करू लागतो. लांब उभा राहून ती पळापळ पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, ते इरफान खान या थोर नटाने जवळजवळ एकही वाक्य न बोलता दाखवले आहे. आणि मग अशाच एका धावपळीत एका वृद्ध गृहस्थाला हृदयविकाराचा झटका येतो. थॉमस हादरतो. तो वृद्ध बरा होऊन घरी जाईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर येत नाही.

वर्तमानपत्रात हा मजकूर तीन ओळींचा झाला असता : ‘मॉलमध्ये बाँबची अफवा, वृद्ध अत्यवस्थ’. कामत यांनी त्या तीन ओळींमागे अपमान दाखवला आहे. दहशतीने शहरात जी भीती पेरली ती सर्वांत खालच्या माणसाच्या हातीही एक हत्यार म्हणून आली, आणि ते त्याने गमतीने नव्हे, तर सूडाने वापरले. तरीही दिग्दर्शक त्याला निर्दोष ठरवत नाही. दुःखाचे कारण समजणे आणि कृत्याचे समर्थन करणे या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. माझ्या मते चित्रपटातला हा सर्वोत्तम भाग होय.

चमत्कारिक बातमीचे हे आकर्षण आपणही नुकतेच अनुभवले आहे. ९ जुलै २०२५ रोजी आपल्या जिल्ह्यातील पादरा आणि पलीकडील आणंद जिल्हा यांना जोडणारा, महीवरील गंभीरा पूल कोसळला. १९८५ पासून वापरात असलेला तो पूल. वीसहून अधिक माणसे दगावली. त्या तुटलेल्या पुलाच्या टोकावर एक टँकर अर्धवट लोंबकळत राहिला, तो तीन आठवड्यांहून अधिक काळ तसाच होता. त्या दिवसांत निजामपुऱ्यात सायंकाळी बाकावर बसणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न टँकरचाच असे. तो कसा उतरवणार, हवेच्या फुग्यांनी का, कोणत्या यंत्राने, यावर प्रत्येकाचे मत असे. ऑगस्टच्या आरंभी तो उतरवण्यात आला आणि पुलाचा विषयही बाकावरून उतरला. नदीत गेलेल्यांच्या घरी त्यानंतर काय झाले, याची चर्चा मी फारशी ऐकली नाही. हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे; प्रचंड दुःखाकडे फार वेळ पाहवत नाही, म्हणून नजर त्याच्या कडेवरच्या विचित्र वस्तूकडे वळते. परंतु कलावंताने तरी त्या वस्तूपाशी न थांबता तिच्या मागे जावे, ही अपेक्षा गैर नव्हे. कामत यांचा पुढचा ‘मदारी’ (२०१६) पूल कोसळून मुलगा गमावलेल्या एका बापाचीच कथा आहे, आणि तेथेही इरफान खानच आहेत. हे दोघेही २०२० साली, चार महिन्यांच्या अंतराने, अकाली गेले.

रूपालीची कथा नजरेच्या याच दोषावर आहे, फक्त येथे दोष धंद्याचा झाला आहे. दुसऱ्याच्या दारात ध्वनिक्षेपक धरून ‘आपल्याला काय वाटते’ असे विचारणे हा जिचा व्यवसाय, तिचाच नियोजित वर त्या गाडीत होता. रुग्णालयामागून रुग्णालय धुंडाळणारी रूपाली दिसते तेव्हा तिच्या हातात काही नसते. कॅमेरा आता तिच्यावर रोखलेला असतो. तिची स्वतःची वाहिनी तिच्या शोकाचा कार्यक्रम करते आणि त्याला ‘रूपाली बनी रुदाली’ असे यमक जुळवून नाव देते. हे नाव ऐकून प्रेक्षकाला प्रथम हसू येते. नंतर त्या हसण्याची शरम वाटते. वृत्तवाहिन्यांवर टीका करणारे चित्रपट पुष्कळ आले, पण प्रेक्षकालाही त्या अपराधात इतक्या सहज सामील करून घेणारा प्रसंग मला दुसरा आठवत नाही.

या चित्रपटानंतर तीन महिन्यांतच, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, मुंबईवर पुन्हा हल्ला झाला. हल्ला संपल्यावर तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेलची पाहणी करण्यास गेले, तेव्हा त्यांच्या समवेत त्यांचे अभिनेते चिरंजीव आणि चित्रपट-दिग्दर्शक राम गोपाल वर्मा हेही होते. त्यावर देशभर गदारोळ उठला आणि काही दिवसांतच देशमुखांना पद सोडावे लागले. पुढे वर्मा यांनीच त्या हल्ल्यावर चित्रपट काढला, तो मार्च २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. शोकाची जागा आणि पडद्यावरचा देखावा यांतले अंतर किती थोडे असते, हे रूपालीच्या कथेने आधीच सांगून ठेवले होते.

आता मुख्य मुद्दा. ‘मुंबई मेरी जान’ नंतर दोनच आठवड्यांनी, ५ सप्टेंबर २००८ रोजी, नीरज पांडे यांचा ‘अ वेन्सडे’ हा चित्रपट आला. तोही याच स्फोटांच्या संतापातून निघालेला. त्यातील निनावी ‘सामान्य माणूस’ शहरात बाँब ठेवल्याची धमकी देऊन चार दहशतवाद्यांना तुरुंगातून बाहेर काढवतो आणि ते चौघेही मारले जातात. रचना बंदिस्त, नसीरुद्दीन शाह आणि अनुपम खेर यांचा अभिनय उत्तम. लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि आजही तोच अधिक आठवला जातो. त्यात करमणुकीपलीकडचे काही होते, हेही मान्य केले पाहिजे. सामान्य माणसाच्या असहाय रागाला त्याने वाचा दिली.

परंतु त्या रागाचा पाया काय होता? आपण ज्यांना पकडले आहे ते खरे गुन्हेगारच आहेत, न्यायालये तेवढी वेळ घालवीत आहेत, हा विश्वास. आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. रेल्वे-स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ साली तेरांपैकी बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. त्यांतला एक जण २०२१ साली तुरुंगवासातच मरण पावला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची दोषसिद्धी रद्द केली. सरकार पक्षाला आरोप सिद्ध करता आले नाहीत, असा निष्कर्ष काढला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने तीनच दिवसांनी, हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वोदाहरण म्हणून धरू नये असे सांगितले. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. म्हणजे एकोणीस वर्षांनी ‘कोणी केले’ हा प्रश्न जवळजवळ होता तेथेच आला. ज्यांची माणसे गेली त्यांच्या वाट्याला न्याय आला नाही; आणि उच्च न्यायालयाचे म्हणणे ग्राह्य धरले, तर एका तरुण पिढीची उमेदीची वर्षेही कोठडीत गेली.

हा निकाल डोळ्यांपुढे ठेवून दोन्ही चित्रपट पुन्हा पाहावेत. ‘अ वेन्सडे’ पाहताना पूर्वी ज्या जागी टाळी वाजत असे, त्या जागी आता मन कचरते. त्या सामान्य माणसाने पकडलेले चौघे भलतेच असते तर, हा प्रश्न त्या पटकथेला कधी पडलेलाच नाही. ‘मुंबई मेरी जान’ मधले मात्र एकही दृश्य या निकालाने बदलत नाही. कारण त्याने ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा प्रश्नाचे उत्तर दिलेलेच नव्हते. सुरेशची कथा पाहा. के के मेनन यांनी रंगवलेला हा माणूस एका उपाहारगृहात नेहमी दिसणाऱ्या मुसलमान तरुणावर संशय घेतो, त्याचा माग काढू लागतो आणि आपण देशाचे काम करीत आहोत असे मानतो. पुरावा कसलाच नाही. आहे ती केवळ स्वतःच्या अपयशाची चीड. २००८ साली हा भाग काहीसा बोधपर वाटला होता. आज तो अधिक अस्वस्थ करतो, कारण संशयाने सुरू झालेली गोष्ट किती वर्षे आणि किती दूरवर जाऊ शकते, हे आपण पाहिले आहे.

सुरेशला आवर घालतो तो तुकाराम पाटील. परेश रावल यांना आपण गुजराती रंगभूमीपासून ओळखतो. येथे त्यांनी मराठी वळणाची हिंदी बोलणारा शिपाई असा उभा केला आहे, की दोन्ही भाषा घरात नांदणाऱ्या आपल्यासारख्यांनाही त्यात खोट काढता येऊ नये. तुकाराम विनोद करीत राहतो. त्याचा तरुण सहकारी कदम नियमाने वागू पाहतो, वरिष्ठांपुढे त्याचे काही चालत नाही आणि तो आतल्या आत जळत राहतो. तुकाराम त्याला हसण्यावारी न्यायला शिकवत असतो. मग निवृत्ती दाराशी येते तेव्हा त्या विनोदामागची पोकळी उघडी पडते : एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी केले काय? सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या कोणालाही हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहता येणार नाही. निरोप-समारंभात शाल-श्रीफळ मिळते, भाषणांत ‘निष्कलंक सेवा’ हे शब्द हमखास येतात. आणि निष्कलंक म्हणजे कित्येकदा केवळ ‘कोणाच्या अध्यातमध्यात न पडलेली’ एवढाच त्याचा अर्थ असतो, हे शाल घेणाऱ्याला ठाऊक असते. ‘डोंबिवली फास्ट’ मधील माधव आपटे अशाच घुसमटीतून हिंसेच्या वाटेला गेला होता. तुकाराम त्या वाटेने जात नाही. तो सुरेशला समजावतो, कदमला सावरतो. दिग्दर्शकाची तीन वर्षांतली ही वाटचाल मला महत्त्वाची वाटते. रागापेक्षा समजूत दाखवणे पडद्यावर अधिक कठीण असते.

चित्रपटात उणिवा आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. शेवटच्या काही मिनिटांत पाचही गाठी सुटतात, त्या फार नीटनेटक्या सुटतात. ज्या तरुणाचा सुरेशने पिच्छा पुरवला, त्याच्याशी त्याचे सूत जुळणे घाईने उरकलेले आहे. माधवन यांनी साकारलेल्या निखिलचा आदर्शवाद कागदी वाटतो. मात्र रेल्वेच्या नुसत्या आवाजाने उडणारा त्याचा थरकाप खरा आहे. स्त्रियांपैकी रूपाली सोडता कोणाला स्वतःचे मन दिलेले नाही; मॉलमधून नवऱ्याबरोबर हाकलल्या गेलेल्या थॉमसच्या बायकोला काय वाटले, हे कळले असते तर ती कथा आणखी वरच्या पातळीवर गेली असती.

सर्वांत मोठा आक्षेप शेवटाविषयी घेतला जातो. १८ जुलै २००६ रोजी, स्फोटांच्याच वेळी, मुंबईने दोन मिनिटे मौन पाळले. वाहने थांबली, चित्रपटगृहांतले खेळही थांबवण्यात आले. चित्रपटाचा शेवट या मौनाशी येतो आणि त्यानंतर ‘सी. आय. डी.’ (१९५६) मधील, मजरूह सुलतानपुरी यांनी लिहिलेले व ओ. पी. नय्यर यांनी स्वरबद्ध केलेले ते प्रसिद्ध गाणे सुरू होते, ज्यातून चित्रपटाने आपले नाव घेतले आहे. आक्षेप असा, की येथे दिग्दर्शक ‘मुंबईचे स्पिरिट’ या सोयीस्कर कल्पनेला शरण गेला. तो अंशतः खरा आहे. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी लोक गाडीत चढले ते शौर्याने कमी आणि खाडा झाला तर पगार कापला जाईल म्हणून अधिक. त्याला स्पिरिट म्हटले की गाड्यांतली गर्दी, अपुरी सुरक्षा, रखडलेली भरपाई यांविषयी कोणाला जाब विचारण्याची गरज उरत नाही. तथापि त्या गाण्याच्या बाजूनेही काही सांगायला हवे. मूळ गाणे शहराची भाबडी स्तुती करणारे नाहीच. चाल खेळकर असली तरी शब्द शहराच्या निष्ठुरपणाला चिमटे काढणारे आहेत. ते हसतखेळत तक्रार करते, अगदी तुकारामासारखे. मौनानंतर राष्ट्रभक्तीपर गीत न वाजवता हे गाणे निवडण्यात दिग्दर्शकाचा विवेक दिसतो.

२००६ नंतर जन्मलेली आपली नातवंडे आता त्याच गाड्यांनी महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत जातात. त्यांना ११ जुलै ही तारीख कळली असेल ती २०२५ च्या निकालाच्या बातमीतून, म्हणजे आरोपींच्या संख्येतून आणि कलमांतून. निकालपत्रात पुराव्याची चिकित्सा असते. गाडीच्या आवाजाने घामाघूम होणारा निखिल, मॉलबाहेर उभा असलेला थॉमस किंवा निवृत्तीच्या दिवशी स्वतःलाच प्रश्न विचारणारा तुकाराम त्यात असू शकत नाहीत. ती नोंद या चित्रपटात आहे. खटल्याचा शेवट काहीही झाला तरी ती खोटी ठरणार नाही, इतक्या काळजीने ती केलेली आहे. घरातल्या तरुण मंडळींसोबत बसून तो एकदा पाहावा, अशी वाचकांना विनंती आहे.